बिजागरीजवळचं कुंकू

बायकोला ठाऊक नाही. पोरीला नाही. ज्या चार-पाच शौकीन दोस्तांसोबत मी रोज मोबाईलवर जुन्या डब्यांचे फोटो बघत बसतो, त्यांना तर मुळीच नाही. सहा वर्षं झाली, ही गोष्ट मी तोंडातून बाहेर काढलेली नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच सांगतो, हेही आधीच कबूल करून टाकतो.

मी लातूरचा. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवण्यात आयुष्य गेलं. नाद एकच — जर्मन लष्कराच्या मशीनगनचं जुनं सामान. बंदुका नव्हे हो! बंदूक घरात ठेवली असती तर मी आज तुरुंगात असतो. गोळ्यांच्या पट्ट्यांचे डबे, तेलाच्या कुप्या, हत्यारांच्या चामडी पिशव्या — असलं. पहिला डबा मुदखेडच्या एका भंगारवाल्याकडं मिळाला. तो त्यात नटबोल्ट ठेवायचा. तिथून जे खूळ लागलं ते लागलंच. पुस्तकं मागवली, ठसे पाठ केले, कुठल्या कारखान्याची कोणती खूण, गरुडाचा बारीक शिक्का कुठं मारायचे, सगळं. नकली माल लई येतो यात. मग हळूहळू पुण्या-हैदराबादचे लोकही फोटो पाठवून विचारू लागले, सर, अस्सल आहे का? बायको म्हणायची, "माणसं ओळखता येत न्हाईत, अन् डबे ओळखून राहिले." मी हसायचो. खरं सांगू का, मला ते कौतुकच वाटायचं.

व्यंकटराव उदगीरच्या बाजूच्या एका खेड्यातले. सत्तरी ओलांडलेला, किडकिडीत, धोतर-टोपीतला माणूस. उदगीरच्या अडतीवर मापाडी होते, आता घरीच. त्यांचे वडील मारुतीबुवा दुसऱ्या महायुद्धात बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाले, इटलीत लढले, तिथं जर्मनांचं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि त्यातला एक रिकामा डबा घेऊन आले — असं मारुतीबुवाच सांगायचे. गावाला ते पटलं नव्हतं. "कसला इटलीत जातंय, बेळगावला सायबाचे कपडे धुवून आलंय," असं गाव म्हणायचं. कागदपत्रं वाळवीनं खाल्लेली. म्हातारा मेला तरी चेष्टा काही मेली नाही. व्यंकटराव लहानपणापासून ती ऐकत आलेले.

मग ग्रामपंचायतीनं ठरवलं की गावातून फौजेत गेलेल्यांची नावं कोरलेला दगड चावडीपुढं उभा करायचा. मारुतीबुवाचं नाव घालायचं की नाही यावर वाद झाला. सरपंच म्हणाले, लातूरचे सर या डब्यातले जाणकार आहेत, त्यांना बोलवू. डबा खरा निघाला तर नाव घालू. म्हणजे बघा — एका मेलेल्या माणसाची इज्जत माझ्या एका शब्दावर आणून ठेवली होती.

आणि मला काय वाटलं असेल? जबाबदारी? छे! मला मजा वाटली. सत्तर-ऐंशी माणसं जमलेली, मधे टेबल, टेबलावर मी, म्हणजे माझं भिंग, माझे हातमोजे. हातमोज्यांची गरज नव्हती. ते मी माणसांना दाखवायला घातले होते.

व्यंकटरावांनी डबा फडक्यातून सोडला. ॲल्युमिनियमचा — आमच्याकडं त्यालाच जर्मन म्हणतात — सुरुवातीच्या काळात तसे बनायचे. आकार बरोबर, कडी बरोबर. पण अंगावर रंगाचा कण नाही, आणि खूण — खूण कुठंच नाही! झाकण गुळगुळीत, बाजू गुळगुळीत. का, ते व्यंकटरावांनीच सांगितलं. घरात दरसाल खंडेनवमीला या डब्याची पूजा व्हायची. विळा, कुऱ्हाड, कोयता आणि हा डबा. पूजेआधी आई चिंच आणि राख लावून तो लख्ख घासायची, आईनंतर बायको. सत्तरएक वर्षं. मग हळदकुंकू, तेल. ती पूजेची जागा तेवढी कुणी घासायचं नाही, म्हणून ते बिजागरीच्या खालच्या अंगाला साचून साचून बोटभर जाड झालेलं होतं, काळपट लाल.

आता ऐका. इथंच मला थांबावंसं वाटतं, पण थांबणार नाही.

त्या कुंकवाखाली काय असू शकतं हे मला माहीत होतं. बिजागरीशेजारी शिक्का मारायचे, हे मीच लोकांना शिकवत आलोय. व्यंकटराव जवळ आले, हळूच म्हणाले, "सर, ती जागा पूजेची हाय. पण तुमी म्हणत असाल तर खरडतो मी." खिशातून त्यांनी चाकू काढलासुद्धा. आणि मी म्हणालो, गरज नाही.

का म्हणालो? ऊन वाढलं होतं, जेवण खोळंबलं होतं — हे मी मला कितीदा सांगितलंय. खोटं आहे. भिंग फिरवून झालं होतं, मनात निकाल तयार होता, आणि एका मापाड्यानं मला कुठं बघायचं ते दाखवावं हे मला खपलं नाही. बस, एवढंच. माझा नियम होता — खूण नाही तर माल नाही. तोच नियम मी मोठ्या तोऱ्यात तिथं ऐकवला. म्हटलं, ही नक्कल आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी भांड्याच्या दुकानातला जर्मनचा डबा!" आणि सगळा घोळका फिदीफिदी हसला. मीही हसलो. व्यंकटरावांकडं बघत हसलो.

त्यांनी चाकू मिटला, खिशात घातला. निघताना डबा माझ्या गाडीपाशी आणून दिला. म्हणाले, "घेऊन जावा सर. खोटा हाय तर देव्हाऱ्यात कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून मी कोमट पाण्यानं ते कुंकू भिजवलं आणि दातांच्या जुन्या ब्रशनं घासलं. आधी लाल पाणी आलं, मग पिवळं. मग गरुड. त्याच्याखाली आकडा, कारखान्याची खूण, साल — सगळं कोरं करकरीत, जणू कालच मारलेलं. बाकी अंगावरच्या खुणा चिंचेनं खाल्ल्या होत्या. ही एवढी कुंकवानं झाकून ठेवली होती. बायकोनं चहा आणला तर मी डब्यावर टॉवेल टाकला.

फोन समोर होता. दगड कोरायला अजून महिना होता. एक फोन — व्यंकटराव, चुकलो, खरा आहे तुमचा डबा. एवढंच म्हणायचं होतं ना? मी नाही केला. उद्या करू, परवा करू. ऐंशी माणसांपुढं दिलेला निकाल मागे घ्यायचा म्हणजे लोक काय म्हणतील, पुण्याचे काय म्हणतील, पुढं कोण विचारील... असं करत दगड उभा राहिला. त्यावर सात नावं आहेत. मारुतीबुवाचं नाही.

इथवरच असतं तर भित्रा म्हणून सोडून दिलं असतं मी स्वतःला. पुढचं वाईट आहे. दोन वर्षांनी नांदेडला एका कॉलेजच्या हॉलमध्ये आमच्या शौकीन मंडळींनी प्रदर्शन भरवलं. तिथं मी तो डबा मांडला. अस्सल म्हणून. खाली चिठ्ठी — इटलीच्या आघाडीवरून आलेला, दुर्मिळ, आणि संग्राहक म्हणून माझं नाव. हैदराबादचा एकजण बराच वेळ वाकून बघत राहिला, म्हणाला, क्या पीस है साहब, कहाँ से मिला? मी म्हणालो, असाच, फिरता फिरता.

त्यानंतर एकदा उदगीरच्या स्टँडवर व्यंकटराव भेटले. मला पळून जावंसं वाटलं. पण त्यांनीच हाक मारली, हात धरून चहाला नेलं. म्हणाले, "लई बरं केलं सर तुमी, खरं काय ते सांगितलं. मी घरोघर जाऊन सांगून आलो, आमच्या बापानं थापा मारल्या, माफी असावी. आता कुणी चेष्टा करत न्हाई." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "खंडेनवमीला तेवढी जागा मोकळी वाटती." आणि मी? मी तो चहा पिऊन संपवला. बिस्किटही खाल्लं. बस लागली म्हणून उठलो.

यंदा होळीनंतर ते गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं. आपला बाप थापाड्या होता असं मानूनच तो माणूस गेला. त्यांचा मुलगा आहे, त्याचा नंबर माझ्याकडं आहे, डबा माझ्या कपाटात आहे. मी अजून फोन केलेला नाही. त्यांची नावंसुद्धा इथं बदलून लिहिली आहेत, आणि गावाचं नाव तर लिहिलंच नाही. त्यांना जपायला नव्हे. कुणी वाचून तिथं जाऊन सांगू नये म्हणून.