रेडकाचा सूर

किकवीहून मी निघालो त्या दिवशी वडील माझी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आले होते. त्यांची उमर रस्त्यावर खडी फोडण्यात गेली. मुलगा बी.ए. झाला आणि सरकारी नोकरीवर चालला, हे थांब्यावरच्या प्रत्येकाला त्यांनी सांगून टाकलं होतं. मी शेजारी ताठ उभा राहून ऐकत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्याचा अभिमान तेव्हा लपवला नाही, आजही लपवत नाही.

माझ्या हातात एक जाडजूड बांबूची नळी होती. नसरापूरला गाडी बदलून वेल्ह्याच्या एसटीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं ती निरखून पाहिली.

"भाऊसाहेब, हे मुसळ कुठं चालवलं?"

"मुसळ नाही, पावा आहे. जपानी."

"एवढा? मग वाजवायला हत्ती मागनं येतोय जनू!"

गाडी हसली. मीही हसलो, पण नळी मांडीवर घेतली ती खाली ठेवली नाही.

ती कुठून आली ते सांगतो. कॉलेजात मी पाली घेतली होती. त्या वर्गात केंजी नावाचा एक जपानी विद्यार्थी होता. तो जन्मानं बौद्ध, मी वडिलांच्या निर्णयानं. एवढ्यावरून ओळख झाली आणि चहावर वाढली. त्याच्या खोलीत मी हे वाद्य पहिल्यांदा ऐकलं. शाकुहाची त्याचं नाव. बांबूच्या मुळाकडच्या भागाची, पाच भोकांची, आणि आपल्या बासरीसारखी आडवी न धरता उभी धरायची. वरच्या तिरप्या काठावर फुंकर मारायची, बस. साथीला पेटी नको, तबला नको. वेल्ह्याच्या पुढं नदीकाठी एकट्यानं राहायची नोकरी मला लागली, तेव्हा मी केंजीकडं ते मागितलं.

केंजीचं मराठी पुस्तकी होतं. तो म्हणाला, "दिवाळीनंतर मी मायदेशी जातो. तोपर्यंत आपणास एका श्वासाचा एक सरळ सूर आला, तर वाद्य आपले. न आल्यास परत द्यावे. हे माझ्या गुरुजींचे आहे, खुंटीसाठी नाही."

मी म्हटलं, "कबूल."

वेल्ह्याला उतरलो तर तोरण्याचा निम्मा डोंगर ढगात होता. तिथून पायी. माझी चौकी म्हणजे कानंदी नदीच्या काठावरची एक पत्र्याची खोली. नदीत खुणांची एक पट्टी रोवलेली. सकाळी आणि संध्याकाळी पाणी कुठवर आलं ते बघायचं, पाऊस किती पडला ते मोजायचं. मधला सारा वेळ माझा. सोबतीला बेडूक.

पहिले बरेच दिवस नळीतून नुसती हवा निघाली. डोकं गरगरायचं, ओठ बधिर व्हायचे. मग एका सकाळी एकाएकी आवाज आला. पण तो सूर नव्हता. फाटका, नाकातला, 'आँऽऽ' असा काहीतरी. मी तेवढ्यावरही खूश होतो.

त्याच दिवशी वरच्या वाडीतल्या बायजाआक्का तरातरा उतरून आल्या. साठीच्या, एकट्या, एका म्हशीवर संसार चालवणाऱ्या. मी त्यांच्याकडूनच दूध घेई. सुरुवातीला त्या माझ्या भांड्यात दूध लांबून, वरनं ओतत. मला कारण ठाऊक होतं आणि ते ठाऊक आहे अशा नजरेनं मी त्यांच्याकडं बघतही असे.

"रेडकू हितं आलंय का कुनाचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. का हो?"

"ओरडलं की आत्ता! माजी म्हस दावं तोडायला बगती."

मी नळी दाखवली, वाजवून दाखवली. आक्का बघतच राहिल्या.

"ह्येच! ह्योच आवाज! चला वर."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. म्हशीचं रेडकू मेलं होतं. अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरतात आणि ते म्हशीपुढं उभं करतात. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते (म्हणजे दूध कासेत उतरू देते). पण आक्कांचं ते पेंढ्याचं रेडकू दमट हवेनं कुजून गेलं होतं. अंबोण (धारेच्या वेळचा खुराक) पुढं ठेवलं तरी म्हैस लाथ झाडायची. त्यांचं दूध घेणाऱ्या वेल्ह्याच्या हॉटेलवाल्यानं आता दुसरीकडं दूध बघतो म्हटलं होतं.

गोठ्यात मी उकिडवा बसलो आणि तो फाटका आवाज काढला. म्हशीनं कान टवकारले. दुसऱ्यांदा काढला. आक्कांनी कासेला हात लावला, आणि भांड्यात धार वाजली.

"आता रोज यायचं," आक्का म्हणाल्या. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मी बी.ए., पाली विषय घेऊन पास झालेला, सकाळ-संध्याकाळ म्हशीपुढं रेडकू होऊ लागलो. वाडीतली माणसं कुडावरून डोकावत. कुणी म्हणे, "आक्का, ह्ये शिकल्यालं रेडकू किती खातं गं?" आक्का म्हणत, "तुज्याहून कमी." मला राग येई, पण त्याच गोठ्यात आक्का नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं माझ्या हातावर ठेवत. दूध लांबून ओतणं कधी थांबलं ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. 'तुमी'चं 'तू' झालं.

अडचण दुसरीकडंच होती. चौकीवर मी सरळ सुरासाठी धडपडत होतो. भाताला लोंब्या धरू लागल्या तेव्हा तो कधी कधी येऊ लागला. जाड, शांत, नदीच्या डोहासारखा. पण ओठांना त्याची सवय लागली तशी गोठ्यातही तोच निघू लागला. म्हैस मान वळवून बघे आणि दूध आवरून धरी.

"ह्ये काय रं?" आक्का ओरडल्या. "ग्वाड कशाला वाजवतुयास? त्या म्हशीला काय लगीन करायचंय?"

"आक्का, हाच खरा सूर आहे. हा आला नाही तर पावा परत द्यावा लागेल."

"आन् दूध न्हाई उतरलं तर मी काय करू? नदीत पट्टी धरून उबी राहू?"

गोठ्यात फाटका आणि चौकीवर सरळ, असं दोन्ही सांभाळू म्हटलं. तुम्ही म्हणाल, शिकलेल्या माणसाला एवढं जमू नये? नाही जमलं. ओठ एकच, आणि त्यांना म्हशीचं लवकर कळे.

दिवाळी झाली. केंजीनं भोरला भेटायचं ठरवलं होतं. जाता जाता त्याला भाटघरचं धरणही बघायचं होतं. मी निघालो तेव्हा आक्का बांधापर्यंत आल्या.

"घिऊनच ये," एवढंच बोलल्या.

धरणाची दगडी भिंत केंजीनं हात लावून पाहिली. भोरला आम्ही गरम भजी खाल्ली. मिरचीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं ती संपवली. मग नीरेच्या काठी एका खडकावर बसलो. केंजी म्हणाला, "आता."

मी श्वास घेतला. सूर निघाला, सरळ निघाला, आणि निम्म्या वाटेत ओठ आपोआप फिरले. 'आँऽऽ'. काठावर पाणी पीत असलेल्या म्हशींपैकी एकीनं मान वर केली. पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

केंजी म्हणाला, "अर्धा सूर आहे. अर्धाही पुष्कळ. आपण ठेवा."

तिथं हो म्हणालो असतो तर कुणी नाव ठेवलं नसतं. आक्कांचं 'घिऊनच ये' कानात होतं. पण आमच्या घरात फुकटचं आणि दयेचं नको म्हणूनच वडिलांनी खडी फोडून मला शिकवलं. मी नळी पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"ठरलं होतं ते ठरलं होतं."

केंजीनं वाद घातला नाही. उठला आणि म्हणाला, "बांबू कोठे मिळतो?"

आम्ही बुरडाच्या दुकानात गेलो. केंजीनं एकेक बांबू ठोकून पाहिला. बुरूड म्हणाला, "पावनं टोपल्या शिकायला आल्यात व्हय?" एक जाड तुकडा घेऊन केंजीनं शाकुहाची त्याच्याशेजारी ठेवली आणि भोकांच्या जागी पेनानं खुणा करून दिल्या. मग तो पुण्याच्या गाडीत बसला. आम्ही हात हलवले. पुन्हा भेट झाली नाही.

मी माघारी आलो तो गोठ्याशी. आक्कांनी हातातला बांबू बघितला.

"दिऊन आलास?"

"दिली. तो ठेवा म्हणत होता, तरी."

"शाना हाईस." त्या कासेकडं वळल्या. "लई शिकलास, पर ठेव म्हनल्यालं ठेवता येत न्हाई तुला."

दोन वेळा आक्का रिकामं भांडं घेऊन उठल्या. त्यांच्याच चुलीत सळई तापवून मी बांबूच्या गाठी फोडल्या, भोकं पाडली, वरचा काठ विळ्यानं तासला. एक भोक मोठं झालं. काठही वाकडा. तोंडाला लावला तर पूर्वीपेक्षाही फाटका, घोगरा आवाज आला. म्हशीनं अंबोणातून तोंड काढलं, आणि पान्हा सोडला.

आक्का धार काढता काढता, वर न बघता म्हणाल्या, "ह्यो बरा हाय. त्यो परदेशी लईच ग्वाड व्हत चालला व्हता."

पुढं ती म्हैस पुन्हा व्यायली. गोठ्यात खरं रेडकू आलं आणि माझी तिथली नोकरी सुटली. त्यानंतर चौकीवर वाकड्या काठाच्या त्या बांबूतून सरळ सूर आला. एका श्वासाचा, अखेरपर्यंत. नदीची पट्टी सोडली तर ऐकायला कुणी नव्हतं.

बदली झाली तेव्हा मी किकवीला तोच बांबू घेऊन उतरलो. वडिलांनी विचारलं, "जपानी ती हीच का?" मी म्हटलं, नाही, ही माझी.