साखळीचे दुसरे टोक

आपल्याला झोप येत नाही, असे याकोबराव आढाव स्वतःला ठामपणे बजावीत आहेत. आणि ज्या अर्थी ते बजावावे लागत आहे, त्या अर्थी ती आलीच आहे, हे एरवी इतरांच्या बोलण्यातली विसंगती चटकन पकडणाऱ्या त्यांच्या मनाला उमगत नाही. दुपार कलली आहे. पलंगावर त्यांची नात शेरॉन तापाने फणफणली आहे. संध्याकाळपर्यंत घाम सुटून ताप उतरला नाही तर इस्पितळात हलवा, असे डॉक्टर सांगून गेले आहेत. सून विनीता कपाळावरच्या घड्यांसाठी गार पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आहे. नाताळ परवावर आला आहे, आणि ग्लानीतसुद्धा शेरॉनने आजोबांना कामातून मोकळे केलेले नाही. घोटीव कागदाच्या पट्ट्या कापायच्या, एकीची कडी करून डिंकाने चिकटवायची, तिच्यात दुसरी ओवायची, आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचेल अशी साखळी करायची. निम्मी साखळी मांडीवर आहे. बोटांतून कात्री सुटते. ती खाली पडल्याचा आवाज मात्र होत नाही.

"अहो, पट्ट्या सारख्या कापा. एक जाड, एक बारीक. कोर्टातही असंच काम केलंत का?"

समोर एस्तेर बसली आहे. त्यांची पत्नी, शेरॉनच्या जन्माच्या आदल्या वर्षी वारलेली. तिच्यापुढे मैद्याच्या खळीची वाटी आहे, तीतून वाफ निघत आहे. याकोबरावांना आश्चर्य वाटत नाही. ती इतकी वर्षे कुठे होती, हे विचारणेच त्यांना असभ्यपणाचे वाटते.

"शिरस्तेदाराचं काम कात्रीचं नसतं," ते म्हणतात.

"नाही. जिभेचं असतं. ते मी जन्मभर ऐकलंय."

दोघे काम करू लागतात. ती कडी चिकटवते, अंगठ्याने दाबून धरते, पुढची ओवते. खुर्ची जवळ ओढावी म्हणून ते हात टाकतात, तर हाताला ख्रिस्ती देवळातल्या बाकाची गुळगुळीत पाठ लागते. प्रार्थनेला कोणी आलेले नाही. साखळी बाकांमधून सरपटत वेदीपर्यंत गेली आहे, आणि एस्तेर तिच्यामागून, मागे वळून न पाहता चालली आहे. ते उठून तिला गाठतात, तो पायांखाली फिनेलने पुसलेली ओली फरशी आहे. लोखंडी खाटा. सलाईनच्या आकड्यावरून साखळी लोंबत आहे. ही खोली ते ओळखतात. याच खोलीतून त्यांनी एस्तेरला घरी नेले होते, चादरीने तोंड झाकून.

"इथं नको, एस्तेर. घरी चल."

"पुरी होऊ द्या की. एवढी लांब झालीय, पण दुसरं टोक धरायला माझ्याकडं कुणी नाही." ती वाटीत बोट बुडवते. "पोरीला पाठवा जरा."

"कोणत्या पोरीला?" ते विचारतात. उत्तर त्यांना ठाऊक आहे. वेळ काढण्यासाठी वकील असे प्रश्न विचारताना त्यांनी आयुष्यभर पाहिले आहेत.

"आपल्या. मी बघितलीसुद्धा नाही तिला."

मेलेल्या माणसाने स्वप्नात काही मागितले तर देऊ नये, असे याकोबरावांची आई म्हणे. पवित्र शास्त्रात असले काही कुठे लिहिले आहे ते दाखव, असे म्हणून त्यांनी तिला अनेकदा गप्प केले होते. आता पलीकडच्या खाटेवर शेरॉन उठून बसली आहे, आणि साखळीची शेवटची कडी तिच्या अनवाणी पावलापाशी येऊन थांबली आहे.

"तिला ताप आहे," ते कसेबसे म्हणतात.

"म्हणून तर म्हणते. इकडं गार आहे."

शेरॉन खाटेवरून पाय खाली सोडते. "आजोबा, मी जाऊ?"

"थांब." ते एस्तेरकडे वळतात. "कोणत्या हक्कानं मागतेस तू?"

"आजी आहे मी तिची."

"आजी होण्याआधीच तू गेलीस. हक्क उत्पन्नच झाला नाही."

शब्द बिनचूक आहेत, आणि उच्चारताक्षणी ते परत घ्यावेसे त्यांना वाटतात. एस्तेरचा हात वाटीवर थबकतो.

"जिंकलात," ती म्हणते. "नेहमीसारखे. पण टोक कोण धरणार, ते सांगा."

शेरॉनचे पाऊल फरशीला टेकू पाहत आहे. याकोबरावांना अजून एक मुद्दा सुचतो, त्यामागून आणखी एक; दोन्ही बिनतोड, दोन्ही निरुपयोगी. ते डावा हात पुढे करतात.

"माझ्या हाताला बांध."

"तुमच्या? थरथरतो तो. तुटेल साखळी."

"तुटली तर पुन्हा जोड. मी आहे तोवर तिला हाक मारायची नाही."

"आणि तुम्ही आलात म्हणजे?"

"तेव्हा तिच्याविषयी सांगेन. पहिल्या दातापासून. कंटाळशील."

"तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. त्यात नवीन ते काय?" तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, पण डोळे पलीकडच्या खाटेवरून हलत नाहीत. मग ती एक हिरवी पट्टी उचलते, त्यांच्या मनगटाभोवती गुंडाळते आणि जोडावर अंगठा दाबून धरते. अंगठा बर्फासारखा आहे. "खळ वाळेपर्यंत हलवू नका."

"पप्पा," विनीता म्हणते आहे. "पप्पा, हात लावून बघा. घाम सुटलाय."

शेरॉनचे केस कपाळाला चिकटले आहेत. उशी भिजली आहे. विनीता रिकाम्या हाताने तिचा चेहरा पुसते आहे, कारण फडके कुठे ठेवले हे तिला आठवत नाही. मुलगी डोळे उघडते, पाणी मागते, घोटभर पिते, आणि मग तिची नजर आजोबांच्या हातावर जाते.

"ही हिरवी कडी छान झालीय. मला द्या ना, मी घालते."

याकोबराव खाली पाहतात. शालीची कड ओढून ते मनगट झाकतात.

"ही नाही, बाळा. ही माझी आहे."

"मग मला?"

"तुला दुसरी. लाल." ते उजव्या हाताने जमिनीवरची कात्री चाचपून उचलतात. "विनीता, कागद जरा धर. मला एकाच हातानं कापायचं आहे."

विनीता लाल कागद दोन्ही हातांनी ताणून धरते. शालीखालचा हात याकोबराव मांडीवर निश्चल ठेवतात. खळ अजून ओली आहे.