टाकलेला रुपया

निघताना वर्ध्याच्या स्टँडवर बाबांनी उपदेश केला नाही. खिशातून ॲल्युमिनियमचे जुने दहा पैसे काढून माझ्या हातावर ठेवले. त्यावर एक कुटुंब आणि ‘सबके लिए अनाज’ अशी अक्षरं. बाबा रेशनच्या दुकानात धान्य मोजतात. म्हणाले, “याच्यावर आपलं काम लिवलं हाये. पुन्यात असे भेटले तं ठेवजो.”

घरातून कॉलेजला निघालेला मी पहिलाच. मला नीट कळलेलं काम तेवढं एकच होतं, म्हणून ते करत राहिलो. वाघोलीच्या मेसमध्ये, सिक्स सीटर रिक्षात, सुटे हातात आले की उलटून बघायचो. नाचाची हस्तमुद्रा असलेली नाणी सहज मिळायची. अन्नाची मिळत नसत. वर्गात आयटी कंपन्यांच्या पॅकेजची चर्चा चाले. लेक्चर इंग्रजीत. प्रश्न विचारायची हिंमत नव्हती आणि रूमवर बसवत नव्हतं. रविवारी कसबा पेठेत जाऊन उगाच गल्ल्या तुडवायचो. तिथल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात विचारलं, “काका, अन्नाचं नाणं आहे का?”

“आहे. पण ते खाता येत नाही,” ते म्हणाले. मी ओशाळून बाहेर आलो.

पुढे मेसमध्ये मिळालेल्या सुट्या पैशांतच जागतिक अन्नदिनाचा एक रुपया सापडला. तो वेगळ्या खिशात ठेवला.

पहिल्या परीक्षेत तीन विषय राहिले. कॉलेज सोडायचं ठरवून कॉइन बॉक्सवरून बाबांना फोन लावला. तब्येत, राहिलेले तीन विषय, मेसची भाजी, शेजारच्यांची म्हैस, यातच सुटे रुपये संपले. बीप वाजू लागला. उरला होता अन्नदिनाचा रुपया. तो आत सरकवला आणि हळहळून तोंडातून निघालं, “टाकलं, बाबा. शेवटी टाकलं.”

बाबा म्हणाले, “टाकलं तं टाकलं. घरी ये. तुही माय सैपाक करून ठेवते.”

ते कॉलेज सोडल्याबद्दल बोलत होते. हे लक्षात येऊन मी शब्द जुळवतोय, तोवर मिनिट संपलं.

धावत जाऊन सुटे आणले, पुन्हा फोन केला. “नाणं टाकलं, बाबा. कॉलेज नाही.”

“मंग तसं सांग ना बे! माय इकडं पीठ मळून बसली!”

कॉलेज सोडतोय हे सांगायलाच तर मी फोन केला होता. पण ‘कॉलेज नाही’ असं बोलून गेलो आणि मग ते खरं करणं भाग पडलं.

एक विषय अजून राहिलाय. अजूनही मन स्थिर नसतं. इथे भेटेल तो विचारतो, का आलास, पुढे काय करणार? बाबांनी त्या दिवशी ‘काहून’ असं एकदाही विचारलं नाही. तुम्हीही कुणी असेच दूर आला असाल, तर तुम्हाला पटेल की नाही, ठाऊक नाही. पण जिथे परत जायला कारण द्यावं लागत नाही, ते घर, असं मला वाटतं. ते तिथे आहे, म्हणून मला इथे राहता येतं.