मासा छाप कुलूप आणि अडतीस दारं

...तर घण पडला आणि कुलपाची कडी ताडकन तुटली, इथवर काल आलो होतो. पण काल जे नव्हते ते गोंधळतील, म्हणून दोन शब्द आधी.

कुलूपकाकू म्हणजे बाजाराच्या तोंडाशी मासा छाप कुलपं विकणारी बाई. नवरा गेल्यावर भट्टी तिनंच पेटती ठेवली. जाहिरात तिची एकच. दुकानापुढे लोखंडी खांब, खांबाला दर नव्या खेपेतलं एक कुलूप आणि खाली चार किलोचा घण. या आणि घाला तीन घाव! बारा वर्षांत खांब वाकला, घणाचे तीन दांडे मोडले, एका हौशी माणसाचा खांदा निखळला, पण कुलूप ढिम्म. लोक भाजीला म्हणून यायचे नि ती मारझोड बघून कुलूप घेऊन जायचे.

आणि काल सांगितलं तसं, दुसऱ्या कंपनीच्या एजंटानं आणलेल्या पहिलवानाच्या दुसऱ्याच घावाला ते फुटलं.

"मासा मेला रे!" एजंट ओरडला. गर्दी खदाखदा हसली. पहिलवानाला चेव आला, त्यानं लाथेनं टेबलच उलथवलं. कुलपं वेचायला काकू वाकली, तर त्यानं बूट तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर दिला. दोन नखं उपटली गेली. काकूनं तशीच मान वळवून त्याच्या पोटरीचा असा लचका तोडला, की तो गडी लंगडत, शिव्या देत पळाला!

लोकांना वाटलं, आता रडेल. ती तुटलेली कडी उचलून उन्हात बघत होती. तुटल्या जागी साखरेसारखा पांढरा दाणा. तो बघून मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तापल्या पोलादाला पाणी दिलं की ते काचेसारखं कडक होतं आणि तसंच ठिसूळही; तुटलं की असा पांढरा दाणा दिसतो. पुन्हा मंद आचेवर निळसर होईस्तोवर तापवलं, तरच मार सोसतं. ते काम धाकट्या दिराचं.

"भाऊजी, या खेपेच्या कड्या निळ्या केल्या होत्या?"

"वहिनी, लग्नाला जायचं होतं ना. एका खेपेनं काय होतंय? वरून कुणाला दिसतंय?"

रक्ताळलेल्या हाताची अशी फाडकन बसली, की पाचही बोटं गालावर लाल उठली.

"लोक मासा बघून निर्धास्त झोपतात, भाऊजी! अडतीस दारांना लागलीत ही कुलपं!"

"मग गुपचूप बदलून देऊ हळूहळू. बोभाटा कशाला?"

"भर बाजारात फुटलंय. बघणाऱ्यांत चोर नव्हता कशावरून?"

मागच्या खेपेची चांगली कुलपं पोत्यात भरून दिराच्या पाठीवर दिली आणि घण खांद्यावर टाकून ती निघाली. आधी सांगत बसलं तर लोक हुज्जत घालतात, म्हणून आधी फोडायचं आणि मग बोलायचं. ठाण! एका सुनेनं किंचाळत गरम पाणी फेकलं. शिंप्यानं चोर समजून पाठीत कापड मोजायचा लाकडी गज हाणला, एक नाही, तीन! काकू कण्हली, कुलूप फोडलं, तुकडे त्याच्या हातात ठेवले आणि नवं अडकवलं. शिंपी ओशाळला. पुढच्या गल्लीत तोच पुढे होऊन ओरडत होता, "दारापासून बाजूला व्हा, काकू येतेय!"

ऊन उतरलं तेव्हा सदतीस झाली होती आणि पोतं रिकामं. शेवटचं दार पेढीवरच्या म्हाताऱ्या कारकुनाचं. तो काठी घेऊन आडवा उभा.

"तुझ्याकडून घेतलेलं हे चौथं कुलूप माझं, आजवर एकानंही दगा दिला नाही. आत लेकीचे दागिने आहेत. हात लावशील तर डोकं फोडीन!"

"काका, सरका."

काठी मनगटावर बसली. काकूनं हात झटकला, दुसऱ्या हातानं घण फिरवला, आणि एका घावात कुलूप दोन तुकडे होऊन म्हाताऱ्याच्या पायाशी पडलं. त्यानं वाकून ते तुकडे उचलले.

"एका घावात? मग सांग, पुढच्या कुलपावर मी विश्वास कसा ठेवू? आणि आज दार उघडं टाकून झोपू?"

काकू धपकन पायरीवर बसली, घण मांडीवर घेतला आणि म्हणाली, "नका ठेवू विश्वास, काका. नवं कुलूप परवा येईल, ते आधी तुमच्या हातानं झोडपून बघा. तोवर मी बसलेय इथं, आणि मला फोडायला कुलपापेक्षा जास्त वेळ लागतो."