‘व्हय’चा नियम

आई निपाणीत विड्या वळायची, आप्पा तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. घरात पुस्तकं म्हणजे माझीच, शाळेची. अंगाला, दप्तराला, भाकरीला तंबाखूचा वास. बेळगावला कॉलेजात आले तेव्हा पहिले काही महिने मी वर्गात तोंडच उघडलं नाही. तोंड उघडलं की ‘लई’ नाहीतर ‘न्हाय’ बाहेर पडायचं, आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसायचं.

मी बोलायचे ती एकाच ठिकाणी. वर्गातली एक मैत्रीण कॅम्पात राहायची, वडील फौजेत. रविवारी दुपारी तिच्या घरी आम्ही चौघं फाशांचा खेळ खेळायचो. ती गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि पात्रांनी बोलायचं ते इंग्रजीत. माझं पात्र रूप बदलणारं होतं.

फोनवर आईनं विचारलं, “रविवारचं काय करतीस गं?”

“खेळायला जाते.”

“एवढी घोडी झालीस आन् खेळायला?”

एका रविवारी माझ्या पात्रानं पहारेकऱ्याचं रूप घेतलं आणि ते शत्रूच्या किल्ल्यात शिरलं. मैत्रिणीनं किल्लेदाराचा जाड आवाज काढून इंग्रजीत दरडावलं, दरवाजा लावलास का?

मी ताडकन म्हणाले, “व्हय!”

धारवाडचा एक मुलगा आमच्यात होता. तो खुर्चीवरून पडायचाच बाकी. “अगं, तुझा पहारेकरी निपाणी स्टँडवर भरती झाला काय?”

मैत्रीण म्हणाली, “संपलं. ओळखलं तुला. आता फाशी.” आणि आमच्या टेबलावर पात्र मेलं की ती गोष्ट संपेपर्यंत बाहेर बसायचं. म्हणजे दोन-तीन वर्षं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग.

“नियमात काय आहे? शरीर बदलतं, एवढंच ना?”

“मग जीभ शरीरात येत नाही काय?” धारवाडवाला.

“जीभ येते की. पण आईनं शिकवलेलं कुठं जातंय रं?”

कुणी हसलं नाही. मैत्रिणीनं हातातला वीस बाजूंचा फासा माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, “बरं. आजपासून आपल्या घरचा नियम. रूप कुठलंही घ्या, एक घरची खूण उरणार. ती आधी सांगायची. उघडी पडली तर निसटायला एकदा फासा. तुझी खूण ‘व्हय’. टाक.”

मी फासा टाकला. अठरा पडले. सुटले.

किल्लेदार मिशा पिळत म्हणाला, “सीमेपलीकडचा नवा गडी दिसतोय. कामाला लाग!”

त्यानंतर धारवाडवाल्यानंही रूप बदलणारं पात्र घेतलं. कोल्हा होवो नाहीतर राजा, तो दचकला की “अय्यो!” ओरडणारच. आमच्यापेक्षा तोच जास्त पकडला गेला. आणि मी वर्गातही बोलायला लागले, ‘व्हय’सकट.

आता चौघं चार गावांत आहोत, खेळ मोबाईलवर चालतो. कॅम्पातल्या त्या टेबलाची, चहाच्या डागांची आठवण येते. नियम मात्र तोच आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी माझ्या पात्रानं आतून किल्ल्याचा दरवाजा उघडला. त्याच वर्षी मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात पहिली.