पाच मिनिटांची ओळ

सुनिल्दा अरेवालोस हिने एकोणीस वर्षं जमीन-नोंदणी कचेरीतली संगणकयंत्रं सांभाळली. पाराग्वायच्या उत्तरेला, नदीकाठच्या त्या गावात कचेरी म्हणजे तीन खोल्या आणि अंगणात एक आंब्याचं झाड. शिकवायला कुणी नव्हतं. फाटकी पुस्तकं चाळत, चुकतमाकत ती शिकली, आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी तिला शेतातल्या पायवाटांसारख्या ओळखीच्या झाल्या.

दहा वाजले की सगळी कचेरी आंब्याखाली जायची. तेरेरेचा, म्हणजे नळीने ओढायच्या पाल्याच्या थंडगार पेयाचा, पेला हातोहात फिरायचा, आणि फेरी अर्धी टाकून उठणं म्हणजे बसलेल्यांचा अपमान. आत पडदे उघडेच राहायचे. गेल्या हिवाळ्यात अशाच एका फेरीच्या वेळी कान्तालिसियो कारकुनाच्या उघड्या पडद्यावरून, त्याच्याच नावाने, एका म्हाताऱ्याची जमीन शेजारच्या कुरणमालकाच्या नावावर चढली. कान्तालिसियो तेव्हा सुनिल्दाच्या शेजारी बसून तेरेरे ओढत होता. तिने कोर्टात तसं सांगितलं, म्हणून म्हाताऱ्याची जमीन परत आली. केलं कुणी, ते कळलं नाही.

त्यानंतर प्लासिदाबाई आली. सुनिल्दाच्या आईची मैत्रीण, त्याच कुरणाला लागून पाच हेक्टरांत मांडिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, लावणारी.

"पोरी, माझी जमीन तुझ्या त्या डब्यात लिहिलेली आहे ना?"

"आहे, मावशी."

"मग डब्याला कडी लाव."

माणूस आपलं नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरला की यंत्र आधी शेलची, म्हणजे हुकूम घेणाऱ्या प्रोग्रॅमची, एक फाइल वाचतं आणि तीत लिहिलंय तसं वागतं. सुनिल्दाने त्या फाइलीत दोन ओळी घातल्या. पाच मिनिटं कळ दाबली नाही, तर यंत्राने माणसाला बाहेर काढावं. आणि ही मुदत त्या माणसाला बदलता येऊ नये. दोनच ओळी, पण पेरणी करावी तशा सावकाश लिहिल्या, दोनदा तपासल्या.

"मुतून येईपर्यंत हे मला हाकलून देतं," कान्तालिसियो कुरकुरला. "बायकोसुद्धा अर्धा तास वाट बघते."

"बायकोकडे गावाच्या जमिनी नाहीत."

"म्हणून तर तिच्याकडे सुखाने जातो."

सप्टेंबरात सुनिल्दाला तीन दिवस राजधानीत, असुन्सियोनला बोलावलं. परतली ती दहाच्या सुमारास. सगळे आंब्याखाली होते. ती आत गेली, तर कान्तालिसियोच्या टेबलावर एंटरच्या कळीवर नदीतला एक चपटा दगड ठेवलेला. पडद्यावर रिकाम्या ओळी संथपणे वर सरकत होत्या.

तिने त्याला हाक मारली. तो हसतच आला.

"युक्ती आहे. तीन दिवसांत एकदाही हाकललं नाही."

तिने नोंदी चाळल्या. मंगळवार, दहा वाजून सतरा मिनिटं. प्लासिदाबाईचे पाच हेक्टर कुरणमालकाच्या नावावर. खाली कान्तालिसियोचं नाव.

त्याचं हसू हळूहळू विरलं. "मी अंगणात होतो. तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत. मी इथे नव्हते."

अंगणातल्या बाकीच्यांना त्या मंगळवारचं काही आठवेना.

कचेरीच्या साहेबांनी सुनिल्दाला आत बोलावलं. "गेल्या वेळी पडदा उघडा राहिला असं आपण सांगू शकलो. आता यंत्र पाच मिनिटांत बंद होतं, तूच केलंस. मग ज्याचं नाव त्यानेच नोंद केली. नोंद पक्की."

"साहेब, कळीवर दगड होता."

"दगडाची नोंद आहे कुठे?"

प्लासिदाबाईच्या तक्रारीवर कोर्टाने सुनिल्दाचा लेखी जबाब मागवला. कळ दाबली नाही तर यंत्र पाच मिनिटांत माणसाला बाहेर काढतं, हे खरं का? तिने होय लिहिलं, कारण ते खरं होतं. दगडाबद्दल वेगळं पान लिहिलं. ते पान साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं. कोर्टात पोचलेल्या फाइलीत नव्हतं. कान्तालिसियोची बदली झाली. निकाल कुरणमालकाच्या बाजूने लागला.

प्लासिदाबाई सुनिल्दाच्या घरी आली. सुनिल्दाने खुर्ची पुढे केली. बाई बसली नाही.

"मांडिओका आत्ताच लावलीय," ती म्हणाली. "मुळं धरेपर्यंत थांबतील का ते कुरणवाले?"

"नाही, मावशी."

बाईने मान हलवली. खुर्ची तशीच दोघींच्या मधे राहिली.