नातीचा स्वेटर आणि काळा धागा

रत्नागिरीत स्वेटर लागत नाही. तरीही निवृत्तीनंतर मी स्वेटर विणायला लागलो. आंब्याची कलमं नाहीत, मुलगी लग्न होऊन पोफळीला गेलेली, पेपर सकाळीच वाचून संपतो. माणसाने करायचं काय? (बायकोचं उत्तर होतं, "माळा आवरा." माळा अजून तसाच आहे.)

मोबाइलवर बघून शिकलो. सुलटे टाके जमले, उलटे जमले, आणि लगेच मला वरच्या इयत्तेत जायची हौस आली. तिथे टाकाऊ धागा नावाचं प्रकरण असतं. विणकाम अर्धवट असताना सुई काढायची असेल, तर सगळे उघडे टाके एका फालतू धाग्यात ओवून ठेवायचे. तो आहे तोवर टाके जागच्या जागी. पुढे टाके सुईवर परत घ्यायचे आणि धागा फेकून द्यायचा.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली, नात झाली. पोफळीहून विहीणबाईंचा फोन आला. विणकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"स्वेटर मी आणू ना? तुमच्याकडे कुणाला जमतंसं दिसत नाही."

"आणू नका!" मी ओरडलोच. "बारशाला नात माझाच स्वेटर घालील!"

त्या बाईंच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द ऐकायचा होता मला. बस्स, एवढंच!

बारसं उजाडलं आणि खालचा काठ व्हायचाच होता. (गळ्याकडून खाली विणत आलो होतो, बाह्या झाल्या होत्या.) मग टाके काळ्या धाग्यात ओवले, सुई काढली, नातीला स्वेटर चढवला आणि लोकरीचा गुंडा न तोडता पाळण्यातल्या दुपट्याखाली सारला. काठ उद्या विणू, कोणाला कळतंय?

कळलं आक्काला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, संगमेश्वरहून पहिल्या गाडीने आलेली.

"बंड्या, खाली काळा धागा कसला रे? दृष्टीसाठी घातलास?"

इथे खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मग! मुद्दाम!"

"शहाणा आहे गो माझा भाऊ!" असं आक्काने माझ्या बायकोला आणि जमलेल्या समस्त बायकांना सांगितलं. विहीणबाईंनी चष्मा लावून स्वेटर पाहिला आणि नुसतं "हं" केलं. तेवढ्यानेही मी फुगलो.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. आक्का मीठ-मोहऱ्या घेऊन आली. तिने दृष्ट काढली ती काढली, वर तो काळा धागाही सर्रकन ओढून काढला!

"आक्का, काय करत्येस!"

"सगळ्यांची नजर धाग्यात उतरल्ये. आता तो जाळायचा."

"अगं, तो काढायचा नसतो!"

"म्हणजे? नजर काय पोरीच्या अंगावर ठेवू?"

आक्काशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, आणि मी तर जन्मापासून हरतोय. दमून खुर्चीत बसलो. धागा गॅसवर गेला.

तेवढ्यात विहीणबाईंनी नातीला उचललं आणि सगळ्यांना दाखवायला निघाल्या. गुंडा राहिला पाळण्याच्या दोरीत अडकून! त्या गॅलरीत गेल्या, चार ओळी उसवल्या. स्वयंपाकघरात गेल्या, आणखी सहा!

"अहो, थांबा! थांबा!"

"घाबरू नका हो, पाडत नाही! तीन पोरं वाढवल्येत मी!" असं म्हणून त्या शेजारच्या बिऱ्हाडातही जाऊन आल्या. बायकोच्या पायात लोकर, पेढ्यांच्या ताटात लोकर, आणि त्या लोकरीमागून ओणवा धावणारा मी!

त्या परतल्या तेव्हा नातीच्या अंगावर एक गळा आणि दोन बाह्या उरल्या होत्या. आत झबलं होतं म्हणून लाज राहिली. (तिची. माझी नाही.) सगळे पोट धरून हसले. मला मात्र रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी लोकर बोटांत चोळून पाहिली.

"लोकर बरी आहे. मी विणते. व्याही, असे समोर बसा आणि हात पुढे करा."

मी बसलो. माझ्या दोन हातांवर लोकरीचे वेढे चढवून त्या सावकाश गुंडा करू लागल्या. सगळी लोकर संपेपर्यंत मी हात तसेच धरून ठेवले. अखेर त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"हात अजिबात हलत नाहीत हो तुमचे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडची खुंटीसुद्धा थोडी डुगडुगते!"